जोडीचं औषध

कोळवणचे साहेबराव मुलाला, अभयला, घेऊन वैद्य उत्कर्षाताईंकडे गेले, तेव्हा अभय पार वाळला होता. हिंजवडीत तो कंपनीची कॅब चालवायचा. पोटात कळ आली की गाडी कडेला लावून संडास शोधत पळायचा. शौचातून रक्त जायचं. मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा झाल्यात, असं पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं होतं. गोळ्याही सुरू केल्या होत्या.

उत्कर्षाताईंनी रिपोर्ट वाचले, डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मग कुड्याच्या सालीचं औषध, औषधी काढ्याची बस्ती (एनिमा) आणि जेवणाचं पथ्य सांगितलं.

"हे गोळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही."

उन्हाळा संपेपर्यंत रक्त थांबलं. अभयच्या अंगावर मांस दिसू लागलं. साहेबराव हरखले. कुडा तर त्यांच्याच डोंगरावरचा. एसटीत भेटेल त्याला ते सांगत सुटले.

एकदा जेवताना ते म्हणाले, "आता त्या गोळ्या कशापायी खातुयास? गुण आला त्यो सालीनं."

"पर ताई म्हणल्या हुत्या..."

"ताई डॉक्टरला भिऊन म्हणली. मी सांगतोय न्हवं?"

अभयलाही गोळ्यांचा कंटाळा आला होता. त्यानं त्या सोडल्या.

भातकापणीच्या दिवसांत दुखणं उलटलं. साहेबरावांनी ताईंना कळवलं नाही. स्वतःच साल आणून दुप्पट उकळून देत राहिले. ताप चढला, पोट फुगलं, तेव्हा कुठं अभयला पुण्याला नेलं. औषधं लागू पडेनात. शेवटी मोठं आतडं काढावं लागलं. जीव वाचला, पण शौचासाठी पोटावर कायमची पिशवी आली.

उत्कर्षाताई दवाखान्यात भेटायला आल्या. साहेबराव मान खाली घालून उभे राहिले.

"मला आधी का नाही कळवलंत?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साहेबरावांना वाटलं.

घरी आल्यावर पिशवी बदलायला तेच बसू लागले. 

"आबा, गोळ्या मीच सोडल्या," अभय एक दिवस म्हणाला. "मी काय ल्हान हुतो का?"

"न्हाई," साहेबराव म्हणाले. "पर एरवी तू माझं कवाच ऐकत न्हाईस. तेवढंच ऐकलंस."