नाव नसलेली मयत

"हिना नवरा मरना का पावना गया?" टीव्हीकडे बोट करून बेबाबाई म्हणाली, तशा खोलीतल्या बाया खो-खो हसल्या.

पडद्यावर एक विधवा पाहुणा निघून गेल्यासारखी रडत होती. काजळ जागच्या जागी, नाक कोरडं, केस आत्ताच विंचरलेले. बेबाबाईनं तिला नापास केलं. आधीच्या गोष्टीतली सासूही नापास झाली होती. पास झालं होतं ते फक्त भूत, कारण ते गप उभं होतं.

मालिका भुताखेताची, दर भागात गोष्ट नवी. आजच्या भागात तीन होत्या. धुळ्याच्या देवपूरहून आलेल्या सुनेनं, डिंपलनं, मोबाइल टीव्हीला जोडला होता आणि रविवारी दुपारी सगळी गल्ली बेबाबाईच्या घरात मावली होती. तिसऱ्या गोष्टीत गावातली धुरपदाबाई दिसणार होती. ती स्वतः उंबऱ्याशी अंग चोरून बसली होती.

बेबाबाईचा मात्र नुसता जळफळाट होत होता. का होऊ नये? पारोळ्यापासून जामनेरापर्यंत तिच्या रडण्याचं नाव होतं. कुणाकडे मयत झाली आणि दारावर बसायला जायचं, तर बाया तिला पुढे घालत. मयताच्या घराचा कोपरा दिसला की ती हेल काढायची, मग मागच्यांना आपोआप रडू फुटायचं. मेलेल्याचं नाव, त्याच्या मामाचं गाव, त्याला आवडायची ती भाजी, सगळं त्या हेलात यायचं.

शूटिंगवाले थंडीत आले, तेव्हा खरं रडणारी बाई हवी म्हणून गावानं तिलाच पुढे केलं. तिरडीवर एक धट्टाकट्टा तरुण च्युइंगम चघळत पडला होता. बेबाबाईनं विचारलं, "नाव काय शे यानं?"

"नाव नाहीये मावशी. नुसती बॉडी आहे," शूटिंगचे साहेब म्हणाले.

"नावबिगर कशी रडू?"

तीनदा प्रयत्न झाला. तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. चौथ्यांदा साहेबांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि धुरपदाबाईला म्हणाले, "तुम्ही बघता का?" जिला उभ्या जन्मात कुणी रडताना पाहिलं नव्हतं, तिला! बेबाबाई तहान लागली म्हणून तडक घरी निघून आली. बाकीच्यांना दोरीपलीकडे लांब उभं केलं होतं. त्यांनी संध्याकाळी एवढंच सांगितलं, की एका दमात काम झालं. त्या दिवसापासून बेबाबाई धुरपदाबाईशी धड बोलली नव्हती.

"आई, आली बघा," डिंपल म्हणाली.

धुरपदाबाईचा चेहरा टीव्हीभर झाला. बेबाबाई सरसावून बसली. छाती बडवली नाही, एक चूक. हेल काढला नाही, दुसरी. पदर तर डोळ्यांना लावलाच नाही. ती नुसती तिरडीवर वाकली, त्या पोराच्या कपाळावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली,

"पुनम, ऊठ ना वं माय. चहा थंडा व्हई गया."

साहेबांना ते तिनं मयताला दिलेलं नाव वाटलं असेल. गावाला माहीत होतं. पुनम धुरपदाबाईची लेक. एकोणीस वर्षांची असताना तापानं गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती.

त्या घरी दारावर बेबाबाईच पुढे होती. तेव्हासारखी ती पुन्हा कधी रडली नाही. आख्खी गल्ली हमसून रडली. भिंतीला टेकलेल्या आईच्या डोळ्यांत तेवढं टिपूस नव्हतं. लोक म्हणाले, आईपेक्षा बेबाबाई जास्त रडली. ते बेबाबाईनं पुढे दहा दारांवर स्वतःच सांगितलं होतं.

पडद्यावर ती अजून म्हणत होती, "ऊठ ना वं." मग वारा सुटला, दिवा विझला, भूत आलं. भुताकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्या बेबाबाईकडे पाहत होत्या. आता ही काय म्हणते?

बेबाबाईला चूक काढायची होती. अजूनही काढायची होती. ती उठली आणि उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

"पुनम गई त्या दिन माले सांगती ना वं," ती म्हणाली. "मी गप बसती."

धुरपदाबाईनं वर पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"तू इतली चांगली रडी रायनती. तुले गप कशी करू?"

बेबाबाईच्या रडण्याला आजवर सगळ्यांनी चांगलं म्हटलं होतं. एक धुरपदाबाईच तेवढी कधी काही बोलली नव्हती, आणि ते बेबाबाईला अकरा वर्षं सलत होतं. आज तीही बोलली. बेबाबाई दाराची चौकट धरून खाली बसली. बाया एकेक करून चपला शोधू लागल्या.