तार कापलेला टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना, काळा, जडशीळ टेलिफोन आहे. दूर रिगा शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून आधी आगगाडीने आणि मग ट्रकने मी किर्गिझस्तानातल्या या डोंगराळ खेड्यात आलो. सगळ्या गावात मी एकटाच. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई सकाळी आधी मला पुसायच्या आणि मग स्वतःचा चहा ओतायच्या. लोक डोक्यावरची टोपी सारखी करून माझ्याशी बोलत. मला जरा गर्वच होता, खोटं कशाला बोलू?

मात्र माझ्यातून बोलायला रशियन यावी लागे. जिल्ह्याच्या गावी फोन घेणाऱ्यांना तेवढीच भाषा येई, आणि आमच्या गावात सगळे किर्गिझ बोलणारे. नर्सबाई जागेवर असल्या की काम भागून जाई.

एका हिवाळ्यात नर्सबाई दुसऱ्या वस्तीवर गेल्या आणि बर्फाने तिथेच अडकल्या. त्या सकाळी घोडे राखणारा जापार धापा टाकत आत आला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. त्याने नंबर फिरवला. पलीकडून जिल्ह्याच्या गावच्या एका बाईंचा आवाज आला आणि जापारने आमच्या रीतीप्रमाणे आधी विचारलं, घरची माणसं बरी आहेत ना, गुरंढोरं सुखरूप ना. अनोळखी माणसाकडे काही मागायचं तर आधी एवढं विचारायलाच हवं. घरात जीव जात असला तरी आमची माणसं हे चुकवत नाहीत. त्या बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्या पत्ता विचारत होत्या आणि हा रक्त जातंय म्हणून सांगत होता. त्यांनी फोन ठेवला. जापारने पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी मला तसंच लोंबकळत सोडून तो घोड्यावर बसला आणि नर्सबाईंना आणायला निघाला.

बाळ वाचलं. आई गेली.

गावाने जापारला पाहिलं ते भर दुपारी घोडा दौडवताना. त्याआधीचं कुणीच पाहिलं नव्हतं. वेळेवर हातपाय हलवले असते तर बायको जगली असती, असं लोक कुजबुजू लागले. जापारने तोंडातून ब्र काढला नाही. एवढा धट्टाकट्टा गडी आणि फोनवर चार शब्द बोलता आले नाहीत, हे सांगायची त्याला लाज वाटली असावी. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. पण टेलिफोन दुसऱ्यांचं बोलणं पोचवतो, मध्येच स्वतःचं काही सांगू शकत नाही. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

पुढे लोकांच्या खिशात फोन आले. माझी तार कापली गेली आणि मला कोळशाच्या खोलीत टाकलं. तिथून मला उचलून आपल्या वर्गात आणलं ते बुरुलने. बुरुल म्हणजे जापारची त्या दिवशी वाचलेली मुलगी. ती आता प्राथमिक शाळेत रशियन शिकवते आणि मुलं तिला एजे म्हणतात, म्हणजे ताई. लोकांची कुजबुज ऐकतच ती मोठी झाली होती. ते खरं का, असं तिने वडिलांना कधी विचारलं नव्हतं. तिचा धीरच होत नव्हता.

तिची शिकवायची तऱ्हा निराळी. कोण मोठेपणी काय होणार ते आधी ठरतं, डॉक्टर म्हणा, वाटाड्या म्हणा, आणि मग त्या कामाला लागणारी वाक्यं मुलं शिकतात. तिलेक नावाचा पोरगा एकदा म्हणाला, मी ट्रक चालवणार, मला भाषा कशाला हवी? बुरुल म्हणाली, "बरोबर आहे. वाट चुकलास की ट्रकलाच विचार." सादात नावाच्या मुलीला रुग्णवाहिकेचे फोन घ्यायचे होते. ती खेळण्यातला लाल फोन घेऊन कपाटामागे बसे आणि अलीकडे मी. पहिल्याच दिवशी तिने फोन करणाऱ्याच्या मेंढ्यांची खुशाली विचारली. वर्ग हसून लोटपोट झाला.

बुरुल हसली नाही. "आधी पत्ता, सादात," ती म्हणाली. "मेंढ्या नंतर."

वसंतात गावातली मोठी माणसं वर्गात येऊन आपापलं काम सांगतात. यंदा जापार आला. आता तो आजोबा झाला आहे. मुलांनी रीतीने त्याच्यापुढे रोटी धरली, त्याने तुकडा मोडला आणि घोड्यांबद्दल तो मोकळेपणाने बोलला. मग तिलेकने त्याला हाताला धरून माझ्याजवळ आणलं. आता तुम्ही फोन करायचा, म्हणाला.

जापारने मला ओळखलं. त्याने मला उचलून कानाला लावलं.

कपाटामागून सादातने रशियनमध्ये पत्ता विचारला. जापारला ते समजलं नाही. तिने पुन्हा विचारलं. त्या तासाला रशियनच बोलायचं असा नियम आहे, पण सादातने तो खुशाल मोडला.

"आजोबा, आपल्या भाषेत सांगा," ती म्हणाली. "मला कळतंय. काय झालं?"

"बायको आहे माझी," जापार म्हणाला. "बाळ येतंय. रक्त थांबत नाही. सकाळपासून फोन करतोय पोरी, कुणाला कळतच नाही."

"मला कळलं. गाडी निघाली, आजोबा. फोन ठेवू नका, मी इथेच आहे."

बुरुल फळ्यापाशी खिळून उभी होती.

"बाबा, तुम्ही फोन केला होता?"

"केला होता गं. कितीदा तरी. मला बोलता आलं नाही."

बुरुल येऊन त्याच्या शेजारी पोरांच्या बाकावर बसली आणि सगळ्या वर्गादेखत त्याच्या गळ्यात पडून रडली. जापारने तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातात मी तसाच होतो. मला त्याने खाली ठेवलं नाही.

मित्रांनो, मला रोज पुसा, जपून ठेवा, असं मागणं मी मागणार होतो. आता ते राहू द्या. मोठेपणी तुम्ही जे कोणी व्हाल, तुमच्यापुढे एक दिवस असा माणूस येईल ज्याला तुमची भाषा येत नाही. त्याची भाषा आत्तापासून थोडी शिकून ठेवा. आणि तीही येत नसली, तर निदान फोन ठेवून देऊ नका.