मंतरलेल्या पाण्यातलं रक्त

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर बाबाने एका भक्ताच्या दंडातून काढलेलं रक्त दोन काचेच्या नळ्यांत वाटलं. एका नळीत नुसतंच, दुसरीत आधी मंतरलेल्या पाण्याचे थेंब. भक्तांची गाणी संपेपर्यंत पहिल्या नळीतलं रक्त घट्ट बसलं. दुसरी तिरकी केली, तर रक्त झुळझुळ वाहिलं.

“हे तुमचं पाप!” गुठळी दाखवत बाबा गरजला. “आणि ही कृपा! हे पाणी प्या. फेका त्या गोळ्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीत बसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात तिडीक गेली, कारण सगळ्यात जोरात टाळ्या त्यांचे वडीलच पिटत होते. वडिलांच्या हृदयात धातूची झडप होती. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी. ती गोळी कधीच बंद करून आपण बाबाचं पाणी पितो, हे त्यांनी सकाळी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, नळ्यांच्या चमत्कारासकट. बाईंचं समजावून झालं, ओरडून झालं. “शिकलीस म्हणून देवापेक्षा शहाणी झालीस का गं?” एवढंच उत्तर.

बाई पर्समधून मुद्दाम आणलेली छोटी बाटली काढून तरातरा व्यासपीठावर चढल्या. “बाबा, कृपा पक्की ना? मग माझ्या औषधाचे थेंब टाकले तर चालेल?”

“कृपा डगमगत नाही, बाई!” बाबा फुशारला.

बाईंनी वाहत्या रक्ताच्या नळीत थेंब टाकले, ती हलवली आणि सगळ्यांना थांबायला लावलं. थोड्या वेळाने नळी उलटी केली. रक्त जागचं हललं नाही.

“या बाईची नजर लागली!” बाबा ओरडला. आणि लोकांनी माना डोलावल्या! बाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

“नजर नाही, कॅल्शियम!” त्या कडाडल्या. “त्याशिवाय रक्त गोठत नाही. याच्या पाण्यात सायट्रेट आहे, रक्तपेढीच्या पिशवीत घालतात तेच. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. माझ्या थेंबांत कॅल्शियमच होतं; ते परत मिळालं, रक्त गोठलं. पण सायट्रेट प्यायलात तर पोटात पचून जातं; अंगातलं रक्त होतं तसंच राहतं. गोळीचं काम निराळं. रक्त गोठवणारी द्रव्यं यकृतात तयार होतात, त्यांनाच ती आवर घालते.”

“पण माझी कंबर बरी झाली ना पाण्याने!” मागून कोणीतरी म्हणालं.

बाई काही बोलणार, तोच वडील उठले. “चल,” ते खाली मान घालून म्हणाले, “तपास माझं रक्त.”

रक्ताबरोबर हृदयाची सोनोग्राफीही केली, तिच्यात झडपेवर गुठळी धरू लागलेली दिसली. ती सुटून मेंदूत गेली नव्हती, हे नशीब. इंजेक्शनं सुरू झाली, मग पुन्हा गोळी.

बाबाने गाव बदललं. पाणी अजून खपतंय. म्हणून सांगायचं ते इतकंच: नळीत दिसलं ते शरीरातही घडतं का, हे विचारा. आणि कुणाच्या टाळ्या ऐकून गोळी सोडू नका. आधी डॉक्टरला विचारा.