सीतेच्या वेणीचा उपास

दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी, कोपरा कापलेली.

दिवाळीनंतर वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या आंब्यांना कोणी पाणी घालत नाही.

लाल आणि करडे सिमेंटचे ब्लॉक, नागमोडी. नसरापूरहून टेम्पोनं आलेले.

मुंग्या भिंतीवरून वर चढतात. वर काही असल्याशिवाय चढत नाहीत.

"नोकरीवाल्या बायकांना हौसच फार." हे कोण म्हणालं ते सांगण्यात अर्थ नाही. पुष्कळ जण म्हणाले.

आंबट वास. दह्याचा.

तर हे सगळं एकाच झाडाचं आहे, आणि झाड सुलूचं आहे. ते सुलूचं आहे हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्या झाडावर ज्याचा त्याचा हक्क निघाला.

सुलू भोरमध्ये पोस्टात काउंटरवर असते. घरी नवरा मधू, बँकेतला. सासरे अण्णा, हायस्कुलात मुख्याध्यापक होते. काही वर्षांपूर्वी तिची बदली वेल्ह्याला झाली होती. भोरहून नसरापूर, तिथून दुसरी बस. त्या रस्त्यावर आंब्यांच्या फांद्यांवर सीतेची वेणी होती. रानातलं ऑर्किड. जाड लांबट पानं, हवेत लोंबणारी मुळं आणि ज्येष्ठ लागला की पांढऱ्या फुलांचे गुलाबी ठिपक्यांचे तुरे, खरंच कुणी वेणी घालून पाठीवर सोडावी तसे. सुलू खिडकीची जागा त्यासाठी पकडायची.

एका संध्याकाळी बस मध्येच थांबली. रस्ता रुंद करायला घेतला होता आणि एक आंबा आडवा पडला होता. कटर चालू होता. सुलू खाली उतरली आणि वेणीसकट हातभर फांदी उचलून परत आली.

"बाई, सरपण न्यायला येष्टी काढलीय व्हय?" कंडक्टर म्हणाला.

"सरपण नाही, झाड आहे."

"झाड त्ये रस्त्यात पडलंय. ह्ये त्याचं बांडगूळ हाय."

"बांडगूळ झाडाच्या जिवावर जगतं. हे नुसतं फांदीवर बसतं. कुणाचं काही घेत नाही."

"आसं? बसतंय तर मंग त्याचं तिकीट काढा की."

सगळी बस हसली. सुलूही हसली. घरी येऊन तिनं ती फांदी मागच्या दारी तारेनं टांगली.

आता, वेणी घरी जगवणं अवघड नाही. फुलवणं अवघड. पहिली काही वर्षं सुलूनं तिला नव्या नवरीसारखं जपलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, सावलीत, सकाळ-संध्याकाळ पाणी. पानं अशी तुकतुकीत की तेल लावल्यासारखी. फूल नाही. मग सल्ले सुरू झाले. तांदळाचं धुवण घाल. अंड्याची टरफलं घाल (हे मधू म्हणाला, अण्णांनी पेपर खाली घेऊन त्याच्याकडं बघितलं). ताक शिंपड. जवळ रेडिओ लाव. पोस्टातल्या गेनू शिपायानं तर "तिच्यासमोर कुऱ्हाड घेऊन हुबं ऱ्हावा, फणसाला आमी तेच करतो" असं सांगितलं. सुलूनं कुऱ्हाड सोडून सगळं केलं. फूल नाही.

आणि मग माघात, बसच्या खिडकीतून, तिला रस्त्यावरच्या उरलेल्या आंब्यांवरची वेणी दिसली. रोजच दिसायची, त्या दिवशी कळली. भर उन्हात, पानं सुरकुतलेली, मुळं खडूसारखी पांढरी. दिवाळीपासून पाण्याचा थेंब नाही. आणि हीच ज्येष्ठात फुलते. हिला लाड नको आहेत, सुलूच्या मनात आलं. हिला उपास हवाय. भरल्या पोटी ही पानंच काढणार. पोटाला चिमटा बसला, वर ऊन लागलं, की मग हिला फुलायची आठवण होणार.

भोरला बदली होऊन परत आल्यावर तिनं ते मनावर घेतलं. पावसाळाभर वेणीला खाऊपिऊ दिलं, शेणखताचं पातळ पाणीसुद्धा. दिवाळी झाली तशी तिला अंगणात पूर्वेच्या जाळीवर टांगली आणि घरात जाहीर केलं: "आता चैत्र संपेपर्यंत हिला कुणी पाणी घालायचं नाही. एक थेंब नाही."

मधू म्हणाला, "बरं."

धुणंभांड्याला येणाऱ्या चंद्राबाई म्हणाल्या, "म्हंजी मारायची का काय?"

अण्णा "हूं" म्हणाले.

फाल्गुनात पानं सुरकुतली. येणारं-जाणारं म्हणू लागलं, अगं सुलू, किती गं कोमेजली, घाल की तांब्याभर. सुलू दात आवळून बसली. घरात एखादं मूल उपाशी ठेवल्यासारखं लोक तिच्याकडं बघत होते, आणि मूल नसलेल्या बाईनं ते तसं बघणं किती ओळखावं. पण ती ढळली नाही.

चैत्रात खालच्या एका पानाच्या बगलेतून काहीतरी बाहेर आलं.

मूळ असतं तर टोक गोल असतं. हे चपटं होतं, एका अंगाला किंचित वळलेलं, हिरव्यावर जांभळी झाक. सुलू चहाचा कप घेऊन जाळीशी उभी राहिली आणि चहा निवला. तिनं कुणाला सांगितलं नाही. नजर लागते यावर तिचा विश्वास नव्हता, तरी नाही सांगितलं. इतक्या वर्षांत या घरात तिनं मागितलेलं आणि मिळालेलं असं काही पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांसमोर उगवत होतं. दुसरं कुणी आणून दिलेलं नाही. दुसऱ्या कुणाच्या सोयीनं आलेलं नाही.

मग मुंग्या.

त्या रविवारी भिंतीवरून एक ओळ थेट जाळीपर्यंत गेलेली दिसली. सुलूनं शेंड्याचं कोवळं पान नुसतं बोटानं बाजूला केलं, तर ते हातात आलं. सबंध. बुडाशी काळं, बुळबुळीत. नाकाशी नेलं, तर दह्याचा वास. शेंड्याच्या पोटात पांढरट पाणी साचलं होतं आणि तिथून ओघळ खाली उतरला होता, त्या बगलेपर्यंत. तो चपटा कोंब तपकिरी पडला होता. दाबला, तर दबला.

सुलूच्या कानशिलातून वाफ निघाली.

"चंद्राबाई!"

चंद्राबाई हाताचा फेस पुसत आल्या.

"कोण घालतंय हिला पाणी?"

"पानी कुठं? पानी न्हाई कुनी घालत."

"मग हे काय आहे?"

चंद्राबाईंनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "त्ये व्हय! त्ये अण्णांचं हाय, दिवाळीपासनं. पूजा झाली की ताम्हनातलं पळी-दोन पळी असतं त्ये वतत्यात तिच्या शेंड्यावर. तुमी हापिसला गेला की. सोमवारी तर पंचामृत घालत्यात, पिशवी कापून दूध, दही, मध, समदं. लई माया करत्यात. म्या म्हनलं बी, चांगलं केलं बगा, वैनींनी पार वाळवत घातलीय."

"तुम्ही बघत होता? आणि मला सांगितलं नाहीत?"

"द्येवाचं पानी हाय वैनी. त्याला न्हाई कुनी म्हनायचं?"

दिवाळीपासून. म्हणजे ती दात आवळून बसली होती तेव्हा, लोकांची बोलणी खात होती तेव्हा, रोज सकाळी तिची पाठ वळली की हा सोहळा चालू होता. तिचा निम्मा जन्म याच चालीनं गेला होता. ती काही ठरवायची, घर मान डोलवायचं, आणि तिची पाठ वळली की घर आपलं करायचं ते करायचं.

अण्णा देवघरातून बाहेरच येत होते. हातात ताम्हन, ओठांवर स्तोत्राची शेवटची ओळ.

"अण्णा, मी सांगितलं होतं, हिला पाणी घालायचं नाही."

"मी पाणी घातलंच नाही." अण्णांचा आवाज अजून वर्गातला होता. "हे तीर्थ आहे."

"झाडाला काय कळतंय तीर्थ?"

"ते तुला कसं कळलं?"

"कुजलीय ती, अण्णा! शेंडा गेला. कोंब आला होता, तोही गेला. दही-साखर तिच्या डोक्यात साचून आंबलंय. या घरात तुम्ही एकादशी करता, मी चतुर्थी करते, चंद्राबाई गुरुवार करतात. सगळ्यांचे उपास चालतात. माझ्या झाडानं एक उपास धरला तर तो रोज सकाळी तुम्ही मोडायचा?"

 अण्णांना असं कधी कुणी बोललं नव्हतं. ताम्हन हातात किंचित कलंडलं आणि त्यांनी ते सावरलं, थेंब खाली पडू दिला नाही.

"मग ओतू कुठं?" ते म्हणाले.

"मोरीत ओता!"

"मोरीत नाही ओतत." हा आवाज वर्गातला नव्हता. "आधी पारिजातकाच्या बुंध्याशी ओतायचो. चाळीसएक वर्षं. तो पारिजातक कुठाय, सांग. दिवाळीच्या तोंडावर मी पुण्याला गेलो, चार दिवसांनी आलो तर इथं हे." त्यांनी पायानं लाल-करड्या ब्लॉकवर टकटक केलं. "अंगणात बोटभर माती राहिली नाही. तुळशीला ओतलं तर तू म्हणालीस, अण्णा, मुंग्या लागतात, रोप जळेल. बरोबर म्हणालीस. मग राहिलं काय? हे एकच हिरवं. आणि हाताला येत होतं."

सुलूनं अंगणाकडं बघितलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती पोस्टातून आली तेव्हा पारिजातक टेम्पोत होता, मुळं आकाशाकडं. मधू म्हणाला होता, सरप्राइज! गाडीला जागा केली. गाडी तेव्हा अजून यायची होती.

राग काही निवला नाही. उलट त्याला आता पाय ठेवायला जागा मिळाली.

आवाज ऐकून मधू बाहेर आला, हातात गाडीची किल्ली. त्यानं वेणी बघितली, बायको बघितली, वडील बघितले आणि बँकेत रांगेतलं भांडण सोडवताना करायचा तसा चेहरा केला. "अगं, एवढं काय त्यात? नवीन आणू. पुण्यात मिळतात कुंडीतली, जांभळी, फुलासकट. अण्णांना काय बोलतेस?"

सुलू अण्णांसमोर नवऱ्याला नावानं हाक मारत नसे. त्या दिवशी मारली.

"मधू, गाडी बाहेर काढ."

"कुठं जायचंय?"

"तू काढ."

त्यानं काढली. नवीन झाड आणायला जायचं असेल, असं त्याला वाटलं असावं. सुलूनं तोवर न्हाणीघरामागची पहार आणली होती. भिंतीलगतच्या ब्लॉकच्या फटीत टोक घातलं आणि अंगाचा भार टाकला. पहिला ब्लॉक निघेना. चंद्राबाई पदर खोचून आल्या. "सरका वैनी, आसं न्हाई, तिरपी घाला." दोघींनी जोर लावला आणि ब्लॉक दात निघावा तसा निघाला. मग बाकीचे सोपे गेले.

"अगं, काय करतेस! दिवाळीत बसवलेत ते!" मधू फाटकातून ओरडला. "गाडी कुठं लावू मी?"

"रस्त्यावर लाव. रस्ते रुंद केलेत ना तुमच्यासाठी."

"अण्णा, तुम्ही तरी सांगा हिला!"

अण्णांनी चष्मा नाकावर चढवला. "तो कडेचासुद्धा काढ," ते सुलूला म्हणाले. "पारिजातकाचा बुंधा जरा डावीकडं होता."

खाली दगडाची बारीक कच होती, कचीखाली खडी, आणि खडीखाली माती. काळी, ओलसर. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि ताम्हन तिथं रिकामं केलं. मातीनं ते लगेच घेतलं.

"माझी वेणी तर गेलीच ना," सुलू म्हणाली. तिला कुणाला माफ करायचं नव्हतं.

"मी चुकलो," अण्णा म्हणाले.  सुलूनं पहार जागेवर ठेवली.

ब्लेड विस्तवावर धरून तिनं वेणीचा कुजका शेंडा कापला, हिरवं लागेपर्यंत. कापल्या जागेवर मसाल्याच्या डब्यातली दालचिनी कुटून दाबली, म्हणजे बुरशी पुढं सरकत नाही. मग फांदी माडीच्या खिडकीवर टांगली. अण्णांना जिना चढवत नाही.

शेंडा गेलेली वेणी वर वाढत नाही. वाढलीच तर बुडातून पिल्लू फुटतं, आणि पिल्लाला फुलायला पुन्हा तितकीच वर्षं लागतात. नाही फुटलं, तर आहेत ती पानं एकेक करून गळतात. सुलू हे सगळ्यांना सांगत सुटली. पोस्टात, बाजारात, कुणी विचारलं नाही तरी. सांगताना दर वेळी तिचा आवाज चढायचा.

वेल्ह्याकडं ज्येष्ठात वेणी फुलली. सुलू रजा टाकून बसनं जाऊन बघून आली आणि आल्यावर जेवली नाही. आषाढात तिच्या फांदीवर, बुडाशी, एक हिरवा ठिपका आला. मूळ की पिल्लू, ते इतक्या लवकर सांगता येत नाही. ती रोज सकाळी बघते. मधू जिन्यात थांबून विचारतो, "काय म्हणतेय?" ती पानं पुसत राहते. गाडी रस्त्यावर असते.

दिवाळीत ब्लॉक बसवायला आलेल्या गवंड्यानं उतार कुठं द्यायचा असं विचारलं होतं, आणि मधूनं गटाराकडं दे म्हणून सांगितलं होतं; अंगणात ओतलेलं तीर्थही तिकडंच गेलं असतं.