कोंडीच्या केसाची गाठ

मित्रांनो, कागदावर तुम्ही रोज लिहिता, खोडता, त्याच्या होड्याही करता. पण तो कागद ज्या जाळीवर जन्माला येतो, ती जाळी कधी पाहिली आहे का? नसेलच. तुम्हाला बोल लावत नाही. मला स्वतःलाच पाच वर्षे ना उजेड दिसला, ना पाण्याचा थेंब. मी एका भिंतीत होते.

मी हातकागदाची जुनी जाळी. सन १९४० च्या हिवाळ्यात मला विणले ते कोंडीने. खालापूरहून कर्जतला जाताना डोंगराच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे, तिथली ही बाई. तिने बांबूच्या सुईएवढ्या बारीक काड्या काढल्या आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांनी त्या एकीला एक बांधत नेल्या. केस आणले होते कर्जत स्टेशनावरच्या टांगेवाल्याकडून. त्या हंगामात त्याच्या घोड्याची शेपटी बरीच विरळ झाली होती, असे ऐकते.

मला विणून घेणारा होता हिरामण. वाडीच्या खाली ओढ्याकाठी त्याची खोप होती. भातशेतीवाल्याचा मुलगा, पण पुण्याला जाऊन हातकागद शिकून आला आणि तेच वेड घेऊन बसला. भिजून काळा पडलेला पेंढा, गुरेही ज्याला तोंड लावत नाहीत असा, तो घरोघर मागत फिरे. केळीची सोपटेही गोळा करी. लोक हसत. तो म्हणे, पेंढ्याच्या पोटात पांढरा धागा असतो, शिकलेली माणसे त्याला सेल्युलोज म्हणतात, आणि तुम्ही तो उकिरड्यात घालता. मग लोक आणखी हसत आणि आणखी पेंढा आणून टाकत. त्यांचाही उकिरडा हलका होई!

काम मात्र हसण्यासारखे नव्हते. पेंढा बारीक तोडायचा, चुन्याच्या पाण्यात दोन दिवस शिजवायचा, ओढ्यात धुवायचा, मग कोंडीने तो उखळात कुटायचा. होता होता त्याचा पेजेसारखा मऊ लगदा होई. तो हौदातल्या पाण्यात कालवला की माझी पाळी. हिरामण मला चौकटीत बसवून हौदात बुडवी आणि आडवी वर उचली. पाणी काड्यांमधून गळून जाई आणि माझ्या अंगावर एक पातळ, ओली साय राहत असे. तोच कागद. कोंडी तो दाबून भिंतीवर चिकटवी, वाळला की सोली आणि गोट्याने घासून गुळगुळीत करी. भिंत सारवावी तर कोंडीनेच. तिने सारवलेल्या भिंतीवर कागदाला सुरकुती पडत नसे.

सांगायला लाज कशाला, मला फार गर्व होता. दिवसाला शंभर वेळा पाण्यात जायचे आणि शंभर वेळा काहीतरी घेऊन वर यायचे! असे सुख कुणाला मिळते?

एकदा माझ्या मधल्या दोन काड्या सुटल्या. घोड्याचे केस संपले होते आणि हौद भरलेला होता. कोंडीने आपल्या डोक्याचे तीन केस उपटले, त्यांचा पीळ केला आणि मला बांधले. गाठ जरा जाडच बसली. त्या दिवसापासून माझ्यावरच्या प्रत्येक कागदात, उजेडाकडे धरला की, तांदळाच्या कणीएवढा एक ठिपका दिसू लागला. हिरामणने विचारले, हा डाग कसला गं?

कोंडी म्हणाली, "डाग नाय दादा. मला लिवता येत नाय. ही माझी सही."

हिरामणला हसू आले. त्याने ती गाठ सोडली नाही. पुढे तो गिऱ्हाइकांनाही कागद उजेडाकडे धरून दाखवी आणि सांगे, ही गाठ दिसली म्हणजे माल आमचा. इथेच चुकले, मित्रांनो. पण तेव्हा कुणाला ठाऊक होते?

लढाईने गिरणीचा कागद मिळेनासा झाला आणि हिरामणचा कागद कर्जतच्या दुकानांत, शाळांत जाऊ लागला. बेचाळीस साली पावसाळ्यात तीन तरुण खोपीत आले आणि चार दस्ते घेऊन गेले. हिरामणने कशाला म्हणून विचारले नाही. त्याला अंदाज असणार, कारण त्याने त्यांच्याकडून काही घेतले नाही. महिन्याभरात त्याच कागदावर लिहिलेली पत्रके जिकडे तिकडे लागली. इंग्रजांनो, चालते व्हा, असे त्यांत होते.

एका हवालदाराने एक पत्रक काढून उजेडाकडे धरले. गाठ दिसली. कागद दहा ठिकाणचा असू शकतो. पण जाळी एकच असते, आणि ती जाळी हातात आली की कागद कुणी केला हे कोर्टात दाखवता येते. माणूस हुशार होता, ते मी नाकारत नाही. तो तडक हिरामणच्या खोपीकडे निघाला.

दिवाळी जवळ आली होती. वाडीत भिंती नव्या करायचे दिवस होते. कोंडीने कारवीच्या काठ्या उभ्या बांधल्या होत्या आणि चिखल, शेण, पेंढा तुडवून गारा तयार केला होता. माझी एक कड दुरुस्त करायला म्हणून मी त्या दिवशी तिच्या घरी होते. इतक्यात तिचा नवरा जैतू धावत आला. खाली पोलीस आलेत, हिरामणदादाला धरलाय, असे त्याने सांगितले. तो पुन्हा खाली पळाला. कोंडी एकटी राहिली. तिने मला उचलले, कारवीला टेकवून दोरीने आवळले आणि माझ्यावर गारा थापायला सुरुवात केली.

पहिली थाप पडली तेव्हा मला वाटले, ही थट्टा करते आहे. दुसरी डोळ्यांवर पडली. मग अंधार झाला.

हवालदार वाडीत आला, माळा उपसला, टोपल्या उलट्या केल्या. वाकून बाहेर पडताना त्याचा तोल गेला आणि त्याने भिंतीला हात टेकला. हात गाऱ्यात रुतला. त्याची पाचही बोटे माझ्या काड्यांवर येऊन थांबली. आता काय, संपलेच!

"सायब, भित वली हाय," कोंडी म्हणाली. "कपडं खराब होतील."

त्याने बोटांना लागलेल्या काड्या कारवीच्याच समजल्या. शिव्या देत हात काढला आणि दाराच्या खांबाला पुसला. त्याचा पंजा भिंतीवर तसाच राहिला, माझ्या छातीवर.

हिरामण तीन आठवड्यांनी सुटला. जाळी कुजली म्हणून जाळून टाकली, हे एकच वाक्य तो शेवटपर्यंत बोलत राहिला. पण सोडताना त्याला बजावले होते, ज्या दिवशी जाळी सापडेल त्या दिवशी तू पुन्हा आत, आणि मग वर्षे मोजत बस. तो लंगडत वाडीवर आला. कोंडी तोंड उघडणार, तोच त्याने हात वर केला.

"मला नको सांगू, कोंडे. ठाऊकच नसलं, तर मारलं तरी सांगता येणार नाय."

हे मी भिंतीतून ऐकले आणि माझी अवस्था मला नीट कळली. मी बाहेर आले की हिरामण आत जाणार. हिरामण बाहेर राहायचा असेल, तर मी आत राहायला हवे. दुसरी वाट नव्हती.

तुम्हाला कधी खोलीत कोंडले आहे का? तिथे निदान वळता तरी येते. मला हलताही येत नव्हते. पुढून चिखल, मागून कारवी. गारा वाळला तसा तो आकसला आणि माझी एकेक काडी आवळत गेला. बांबूला ओल लागते, नाहीतर तो तडकतो. मी तडकत होते आणि त्याचा आवाज फक्त मलाच येत होता. ओढा खाली वाहत होता, तोही ऐकू येई. त्याचा मला किती राग आला, काय सांगू! आणि गंमत अशी की माझ्याभोवतीच्या गाऱ्यात पेंढाच होता. ज्याचा कागद करायचा तोच पेंढा, आणि त्याच्यातच मी चिणलेली. आम्ही दोघेही बिनकामाचे.

पुढे वाळवी आली. तिने कारवी खाल्ली, मग माझी खालची कड. दोन वर्षे चुन्याच्या पाण्यात राहिल्याने ती मला जरा बिचकत होती, एवढेच. रोज थोडी थोडी वर चढे.

बाहेरही काही बरे नव्हते. हिरामणचा हौद कोरडा पडला. दुसरी जाळी करावी तर हवालदार दर महिन्याला खोपीत डोकावे. शेवटी हिरामण कर्जतच्या भातगिरणीत पोती उचलू लागला. मी भिंतीत राहिले, तरी तोही मोकळा नव्हताच.

कोंडी दरवर्षी दिवाळीआधी भिंत सारवी. तिचा हात माझ्यावरून फिरे, पण पंजाशी आला की थांबे. सगळी भिंत नवी आणि मधे तो जुना पंजा, असे दिसत असणार. शेजारणी हसत. ती म्हणे, हवालदाराचा हात हाय, फुकट मिळालाय, ऱ्हाऊ दे. जैतूलाही तिने खरे सांगितले नव्हते. जैतू जिवाला जीव देणारा, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. सकाळी कळलेले दुपारी वाडीभर होई.

पंचेचाळीस साली कोंडी कोळशाच्या भट्टीवरून तापाने फणफणत परत आली. तिचे अंथरूण भिंतीशी घातले. चार दिवस ती माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. तिचा तापलेला तळवा पंजावर येऊन टेके आणि चिखलातून ती ऊब मला लागे. मला तिला हाक मारायची होती. पण जाळीला आवाज कुठला?

चौथ्या दिवशी ती जैतूला म्हणाली, "त्या पंजावर कधी सारवू नको." जैतूला वाटले, तापात बरळते आहे. तरी त्याने हो म्हटले. संध्याकाळी ती गेली.

मी तेव्हा रडले, मित्रांनो. मला ओल नव्हती, म्हणून ते कुणाला दिसले नाही. आणि दुःखाच्या मागोमाग भीती आली. मी कुठे आहे हे आता जगात कुणालाच माहीत नव्हते.

स्वराज्य आले. ढोल वाजले, ते मी ऐकले. जुन्या केसेस रद्द झाल्या, हवालदाराची बदली झाली, आणि त्या दिवाळीत हिरामण वाडीवर आला. जैतूला विचारू लागला, कोंडीने जाळी कुठे ठेवली काही बोलली होती का? जैतूने नाही म्हणून मान हलवली. दोघांनी माळा पाहिला, झाडाच्या ढोली पाहिल्या, ओढ्याकाठचे दगड उलटे केले. दमून हिरामण आत येऊन बसला आणि पाठ टेकली ती नेमकी माझ्या भिंतीला. त्याचा उसासा मला ऐकू आला. जाळलीच असंल तिनं, असे तो म्हणाला. मी इथे आहे, इथे आहे, असे मी किती वेळा म्हटले!

जैतूची बहीण जना तेवढ्यात भिंत सारवायला आली. तिने हिरामणला सरकायला सांगितले आणि सारवत सारवत पंजाशी येऊन हात वळवला. हिरामण ते पाहत होता. ज्या कोंडीला सारवलेल्या भिंतीवर रेघ चालत नसे, तिच्या घरात हा खड्डा कसा, असे त्याने विचारले. जैतूने कोंडीचा शेवटचा निरोप सांगितला.

"हा हात कदी पडला रं, जैतू?"

"तुला धरून न्येला ना, त्याच दिशी."

हिरामण उठला आणि त्याने पंजाच्या खड्ड्यावरून बोट फिरवले. मग त्याने तांब्याभर पाणी मागितले.

खणले असते तर मी तुटले असते, हे त्याला ठाऊक होते. त्याने ओंजळीने पंजावर पाणी घातले. पुन्हा घातले. चिखल मऊ झाला आणि पाच वर्षांनी पहिला थेंब माझ्या काडीवर आला. त्याचे वर्णन मला येत नाही. मी नुसती पीत राहिले.

मी निघाले ती अर्धीच. खालचा भाग वाळवीने नेला होता. पण मधली गाठ शाबूत होती. माणसाचा केस वाळवीलाही नको असतो. हिरामणने खराब काड्या काढून मला वीतभर लांबीची केली आणि छोटी चौकट बनवली. मग त्याने भिंतीतून पडलेला गारा टाकू दिला नाही. तो ओढ्यावर नेला, माती धुतली, आणि हाताशी आला तो माझ्याबरोबर पाच वर्षे चिणलेला पेंढा. तोच त्याने चुन्यात शिजवला, जनाने कुटला, आणि मला त्यात बुडवले. तळव्याएवढा एक कागद वर आला. जनाने भोक बुजवून सारवलेल्या त्याच भिंतीवर तो वाळवला.

हिरामणने तो जैतूला दिला. यावर लिवू काय, असे जैतूने विचारले. हिरामणने त्याचा हात धरून कागद दाराच्या उजेडात वर उचलला. पिवळट कागदात मधोमध ती कणी होती.

जैतूने त्या कणीवर बोट ठेवले. मग म्हणाला, "काय नको लिवू. तिनं सही क्येलीय."

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. मला एवढेच मागायचे आहे, काम झाले की मला धुऊन ओल्या फडक्यात ठेवा, कोरडी टाकू नका. उकिरड्यावरच्या पेंढ्याला एकदा तरी विचारून पाहा, तुझ्या पोटात काय आहे म्हणून. आणि कधी खडबडीत कागद हातात आला, तर लिहिण्याआधी तो उजेडाकडे धरा. आत एखादी गाठ दिसली, तर ती चूक समजून खरवडू नका. तिथे कुणाचे तरी नाव असते.