रस्ता वर चढला, थांबा खाली राहिला

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल तर ते वरूनच. पालघरहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी उभा आहे, एक जुना बसथांबा. लोक म्हणतात, मी खचलो. हे चूक आहे. मला बांधले तिथेच मी आहे. प्रत्येक वेळी जुन्या डांबरावरच नवे डांबर ओतले, म्हणून रस्ता वर चढला.

माझ्या पुढच्या खांबाला एक खुंटी आहे. पाड्यावरची माणसे तिला छत्री अडकवून सावलीत बसत. छत्री दिसली की ड्रायव्हर बस थांबवी. त्या वेळी बोईसरच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची बस वेगळी असे, बाजाराची वेगळी. आता सकाळची एकच उरली आहे. बस मागितली की पैसा नसतो. रस्ता रुंद करायला मात्र दर वेळी असतो, आणि नारळही माझ्यासमोरच फुटतो! यंदा कडेला लोखंडी कठडा आला आणि माझी खुंटी त्याच्याआड गेली.

परवा बायडी आपल्या लेकीला, स्वातीला, घेऊन आली. पालघरला स्वातीची नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बायडीने नेहमीसारखी छत्री अडकवली आणि दोघी बाकावर बसल्या. बस आली आणि तशीच निघून गेली.

"आये, त्याला छत्री दिसली नाय गं!"

मागून भाड्याने माणसे नेणाऱ्या मनीषची जीप आली. "भरली की निघू," तो म्हणाला. ती भरेपर्यंत परीक्षा संपली. रडूनभेकून स्वातीला आजची वेळ मिळाली, शेवटची.

आज बायडीने खुंटीकडे पाहिलेही नाही. छत्री उघडून ती भर रस्त्यात उभी राहिली. ब्रेक करकचले.

"मरायचंय का, मावशी? खाली थांबा आहे ना!"

"थांब्यात बसलं तं तुला दिसत नाय. आता दिसली ना? घे पोरीला!"

स्वाती चढली. बस गेली. बायडी माझ्या बाकावर येऊन बसली.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, नवा पत्राही नको. पुढच्या वेळी डांबराची गाडी येईल, तेव्हा एवढेच विचारा, "बस कुठे आहे?" कोणत्याही आईला रस्त्याच्या मधोमध उभे राहावे लागले, तर रस्ता झाला असे म्हणू नका.