पूअर म्हणजे गरीब

शकुनबाईने सातबाऱ्याचा उतारा डॉक्टरांच्या टेबलावर आपटला, त्यावर दवाखान्याचा कागद ठेवला आणि कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट दाबून धरलं.

"हे खोडा."

डॉक्टर नुकतेच हात धुऊन बसले होते. चार दिवसांपूर्वी त्यांनीच हा कागद देऊन तिच्या नवऱ्याला, भोजराजला, घरी पाठवलं होतं. त्यांनी आधी बाईकडे पाहिलं, मग बोटाकडे.

"काय खोडू, मावशी?"

"गरीब लिवलं ते. साडेपाच एकर धान हाये आमचं, तलावाच्या पान्यावरचं. उतारा वाचा. गरीब समजून तुमी मानसाले खाटेवरून उठवलं आन् घरी धाडून देलं."

आंधळगावाहून पहिल्या एसटीने ती भंडाऱ्याला आली होती आणि वाटभर हीच वाक्यं घोळवत होती. कागद आदल्या दिवशी पुतण्याने, गोपीचंदने, वाचून दाखवला होता. गोपीचंद मॅट्रिक झालेला. शेवटच्या ओळीत दोनच शब्द होते. पहिला त्याच्या खिशातल्या डिक्शनरीत सापडेना. प्रॉफिटनंतर एकदम प्रोग्रामच येत होता. दुसरा मात्र पाचवीतच शिकवलेला. पूअर म्हणजे गरीब. ते ऐकलं आणि शकुनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्याने दगड फोडून धानाच्या बांध्या काढल्या, तिने स्वतः तीस वर्षं त्यांत रोवणी केली, आणि पंधरा दिवसांची ओळख असलेला माणूस त्यांना गरीब लिहून मोकळा झाला होता.

"बसा," डॉक्टर म्हणाले.

"बसाले नाही आलो मी."

"गरीब नाही लिहिलेलं. पूअरच्या आधीचा शब्द बघा, प्रॉग्नोसिस. रेडिओवर पावसाचं सांगतात ना, उद्या पडेल की नाही? त्याला इंग्रजीत फोरकास्ट म्हणतात. ज्योतिषी सांगतो ते प्रेडिक्शन. आणि रोग्याचं पुढे काय होईल, ते डॉक्टरने लिहायचं म्हटलं की प्रॉग्नोसिस."

"मंग?"

"त्याच्यापुढे पूअर. म्हणजे आशा नाही, मावशी. पोटातली गाठ पसरली आहे. पावसाळा काढला तर खूप झालं. म्हणून घरी पाठवलं. तुमच्या दिरांना मी सगळं समजावलं होतं."

शकुनबाईचं बोट अजून कागदावर होतं. ते तिने काढून घेतलं आणि पदराखाली मुठीत धरलं.

"हिरालालले सांगतलं?"

"हो. घरातल्या पुरुषमाणसाला सांगतो आम्ही."

"पंधरा दिवस खाटेपाशी कोन बसलं होतं? हिरालाल? भांडं मी धरलं, ओकारी मी पुसली. तुमी रोज सकाळी माह्या अंगावरून जात होते. मले काहून नाही सांगतलं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. वयाने ते तिच्या मुलासारखे होते, पण त्या घटकेला तिला त्यांची जराही दया आली नाही. बाहेर रांगेतलं कोणी खोकलं. तिने कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"रेडिओवाल्यानं सांगतलेला पाऊस कितीक डाव पडला?"

"नेहमीच नाही पडत."

"मंग तुमचंच काहून खरं व्हावं? खोडा."

"खोडून काही बदलणार नाही."

"तुमचं नाही बदलनार. खोडा."

डॉक्टरांनी पेन काढून पूअरवर रेघ मारली. तिने वाकून पाहिलं.

"आनखी."

अक्षर दिसेनासं होईपर्यंत ते रेघा मारत राहिले.

ती घरी पोचली तेव्हा वैशाखाचं ऊन अंगणात तापत होतं. भोजराज घरापुढच्या सपरीत खाटेवर होता आणि हिरालाल उशाशी बसून त्याला वारा घालत होता. तिची नजर पाहताच हिरालाल उठला. तिने त्याच्या हातातला पंखा काढून घेतला. तो चपला शोधत निघून गेला.

"काय लिवलं होतं?" भोजराजने विचारलं. चार दिवस तो हेच विचारत होता.

"आपल्याले गरीब लिवलं होतं," शकुनबाई म्हणाली. "उतारा दाखवला तवा लाजला डॉक्टर. खोडून देलं."

भोजराजने कागद उजेडात धरला. वाचता येत नव्हतं, पण रेघा दिसत होत्या. तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

"गरीब! आन् मी समजलो होतो..."

"काय समजले होते?"

"काई नाही." त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "याच्या पयलेचा शब्द तं तसाच हाये. तो काहून नाही खोडला?"

शकुनबाई पंखा हलवत राहिली.

"तो राहू द्या. पुढं काय होनार, ते लिवाची जागा हाये ती. कोरी ठेवली."

भोजराजने कागदाची घडी केली आणि उशीखाली सारली. तो अंगणापलीकडच्या बांध्यांकडे पाहू लागला.

"मंग औंदा चिन्नोर धानच टाकू," तो म्हणाला. "आश्विन-कार्तिकात कापनीले मी सोता उभा राहतो."

"टाकू," ती म्हणाली. "बियानं आजच पाखडतो मी."

ती आत गेली, कोठीतून धान काढलं, सूप घेतलं आणि भर उन्हात अंगणात पाय पसरून बसली. राग काढायला दुसरं काहीच हाताशी नव्हतं. ती पाखडू लागली तशी सुपाचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जाऊ लागला.

"हळू," खाटेवरून भोजराज म्हणाला. "भरले दाने चालले फोलासंग."

तिला ते दिसत होतं. ती थांबली नाही.